सोडियमचा हिंगोली मुक्काम

आमच्या हिंगोलीत किराणा दुकानात जाऊन नुसतं "सोडा द्या" म्हणून चालत नाही. काट्यावरची नजर न हलवता दुकानदार विचारतो, "खायचा का धुवायचा?" एवढ्याशा प्रश्नात अकरावीच्या रसायनशास्त्राचा निम्मा धडा आहे. पण विचारणाऱ्याला तो शिकवायचा नसतो, आणि ज्याला विचारला त्याला घरातून निघताना काय सांगितलं होतं तेच आठवत नसतं. मग फोन लागतो. पलीकडचा आवाज दुकानात उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जातो. "भजे करायले म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला? धुण्याचा आणून काय पाहुण्यांची पोटं धुवायचीत?" दुकानदार हसत नाही. त्याचं हे रोजचंच आहे.

वास्तविक या दोन सोड्यांत फरक आहे तो एका हायड्रोजनचा. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्यात एक सोडियम आणि एक हायड्रोजन मांडीला मांडी लावून बसलेले असतात. त्या हायड्रोजनला उठवून त्याच्या जागी दुसरा सोडियम बसवला की झाला सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा. हा खुर्चीबदल करायला कारखानाच लागतो असंही नाही. खायचा सोडा कोरड्या तव्यावर चांगला भाजा. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि तव्यात उरतो तो धुण्याच्या सोड्याचाच कोरडा अवतार. दुकानदार ज्या दोन पुड्या दोन वेगळ्या फळ्यांवर इतक्या निष्ठेनं ठेवतो, त्यांच्यात अंतर एका तव्याचं आहे. हे त्याला सांगू नये. विश्वास उडतो.

तिसरा सोडा बसस्टँडवर गोटीच्या बाटलीत मिळतो. त्यात सोडियम असेलच असं नाही; नाव सोड्याचं आणि आत नुसता गॅस. चौथा कॉस्टिक. मोरी तुंबल्यावर त्याची आठवण होते आणि तो मागितला की दुकानदार पहिल्यांदाच मान वर करून गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहतो. बरोबरच आहे. तेलाचा साबण करणारी ही वस्तू हाताच्या कातडीतल्या तेलालाही सोडत नाही.

या सगळ्यांत शिरलेला मूळ धातू मात्र गावात फारसा कुणी पाहिलेला नसतो. पाहिलाच असेल तर शाळेत, कुलूपबंद कपाटात, रॉकेलच्या बाटलीत बुडालेला. रेशनवरचं रॉकेल माणसांना मिळेनासं झालं त्यालाही आता वर्षं झाली. प्रयोगशाळेतल्या सोडियमचा कोटा तेवढा चालू आहे, कारण त्याला हवा लागून चालत नाही आणि पाणी तर मुळीच चालत नाही. वर्षातून एकदा सर ते कपाट उघडतात. पुढच्या बाकावरची पोरं मागं सरकतात, मागच्या बाकावरची पुढं येतात. सर चिमट्यानं ढेकूळ बाहेर काढतात आणि चाकूनं कापतात. धातू चाकूनं कापला जातो हे पाहून ज्याला धक्का बसत नाही, त्यानं कला शाखेला जावं. कापलेली बाजू क्षणभर चांदीवाणी चमकते आणि सरांचं "बघा" म्हणून होईस्तोवर मळकट होते. मग वाटाण्यापेक्षा लहान तुकडा पाण्याच्या घमेल्यात पडतो आणि घमेल्याचा ताबा घेतो. पाण्यापेक्षा हलका असल्यामुळं तो बुडत नाही. जेमतेम ९८ अंशाला वितळत असल्यामुळं स्वतःच्याच तापानं त्याची गोळी होते. ती गोळी फुसफुसत, कडेला धडका देत, हायड्रोजन सोडत सैरावैरा धावते आणि बघता बघता संपते. मागं राहतं ते कॉस्टिक सोड्याचं पाणी.

त्या पाण्यात रंग दिसावा म्हणून फिनॉल्फ्थॅलीन टाकायचं असतं. ज्या शाळेत ते संपलेलं असतं (आणि मागणीपत्र तालुक्याला गेलेलं असतं) तिथल्या सरांनी चिमूटभर वसमतची हळद टाकावी. गोळी जिथून जाईल तिथं पिवळ्या पाण्यात लाल वाट उमटते. महिनाभराच्या तासांतून जे डोक्यात शिरत नाही ते तेवढ्या वेळात शिरतं.

हा धातू पहिल्यांदा मोकळा केला तो हम्फ्री डेव्हीनं, १८०७ मध्ये, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये. त्यानं वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून विजेचा प्रवाह सोडला. त्याआधी अख्ख्या जगानं हजारो वर्षं मीठ खाल्लं, साबण वापरला, पण त्यात धातू आहे असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. याचं कारण सोडियमच्या स्वभावात आहे. त्याच्या अंगावर सगळ्यात बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन आहे आणि तो कुणाच्या तरी गळ्यात मारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्यामुळं निसर्गात तो एकटा सापडतच नाही. मोठा तुकडा पाण्यात पडल्यावर त्याचा स्फोट का होतो, याचं उत्तर पुस्तकं "हायड्रोजन पेटतो म्हणून" असं देत आली. २०१५ मध्ये प्रागच्या पावेल युंगविर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं पाहिलं तर हायड्रोजन पेटायच्या आधीच गोष्ट हाताबाहेर गेलेली होती. पाणी लागल्याबरोबर इलेक्ट्रॉन इतक्या घाईनं धातू सोडून पळतात, की मागं राहिलेले धन भार एकमेकांना ढकलायला लागतात आणि धातूच्या थेंबाला चहूकडून काटे फुटतात. म्हणजे आमच्या सरांनी घमेल्यातला तुकडा वाटाण्यापेक्षा लहान ठेवला, त्याचं नीट कारण सर रिटायर झाल्यावर कळलं.

दुसरीकडं क्लोरीन. हिरवट पिवळा, विषारी, १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडलेला वायू. या दोघांची गाठ पडली की गावातल्या दोन गुंडांनी युती करून सोसायटीचं चेअरमनपद मिळवावं तसं होतं. दुसऱ्या दिवसापासून दोघेही पांढऱ्या कपड्यात. त्यांच्याशिवाय कुणाच्या घरचं जेवण होत नाही. याच जोडगोळीला आपण मीठ म्हणतो.

आता हळदीकडं येतो, कारण हिंगोलीत राहून जो हळदीकडं येत नाही त्याला मोंढ्यात कुणी ओळखत नाही. नवी हळद निघाली की आमच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात कट्ट्यांची थप्पी लागते, बीट होतं, आणि हमालाच्या भुवईपासून अडत्याच्या चहाच्या कपापर्यंत सगळं पिवळं होतं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीचं संशोधन केंद्रही वसमतलाच आहे. त्या मानांकनात एक गुण लिहायचा राहिला असावा असं मला वाटतं. आमची हळद चहाडखोर आहे. सोडियमनं कुठं काय केलं ते ती लाल होऊन सगळ्यांना सांगते.

ही चहाडी पहिल्यांदा कळते ती मोरीत. पुण्याहून नवीन आलेल्या सुनेनं मोठ्या हौसेनं सासऱ्यांचा मोंढ्यातला सदरा भिजवला. साबणाची वडी घासली. आणि किंचाळली. सदरा लालभडक, फेस लाल, हात लाल, मोरीतून बाहेर जाणारं पाणी लाल. सासूबाई हातातली पोळी तशीच टाकून धावत आल्या, बघितलं आणि परत चुलीकडं वळल्या. "काही नाही गं माय, हळद हाय ती. चुबकव आणि टाक उन्हात."

हळदीतला रंग कर्क्युमिन नावाच्या पदार्थाचा. तो आम्लात पिवळा, साध्या पाण्यात पिवळा, आणि आम्लारी भेटला की लाल. साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा संसार. तो पाण्यात विरघळला की थोडा तरी आम्लारीपणा दाखवतोच. धुण्याच्या सोड्याचा तर धंदाच तो. म्हणून सदऱ्यावरचा डाग साबण लावला की लाल होतो आणि खळबळून काढला की परत पिवळा. नवीन माणसाला वाटतं डाग वाढला. तो आणखी साबण लावतो. डाग आणखी लाल होतो. साबण कंपन्यांची भरभराट याच गैरसमजावर झाली असावी. हळदीच्या डागाला खरं औषध साबण नाही, ऊन आहे. कर्क्युमिनला उजेड सोसत नाही. ओला सदरा एप्रिलच्या हिंगोलीतल्या उन्हात दोरीवर टाका. संध्याकाळी डागाला शोधावं लागतं. एप्रिलच्या हिंगोलीतल्या उन्हात कुणीही उभं राहिलं तर त्याला संध्याकाळी शोधावंच लागेल, हा भाग वेगळा.

लग्नातल्या हळदीला हाच प्रकार थेट माणसावर होतो. नवरदेवाला भावजया, आत्या, मावश्या मिळून इतकी हळद लावतात, की मूळ रंगाचा माणूस कोणता याची चौकशी करावी लागते. मग त्याला न्हाणीघरात सोडतात. आतून साबणाचा वास येतो आणि पाठोपाठ हाक, "आई, मला काय झालंय बघ!" काही झालेलं नसतं. सोडियमच्या साबणानं हळदीला गाठलेलं असतं, एवढंच. असा अर्धवट लाल नवरदेव टॉवेल गुंडाळून बाहेर आला, की मुलीकडची एखादी म्हातारी हमखास म्हणते, "पोरगं लाजाळू दिसतंय."

स्वयंपाकघरात ही चहाडी जास्त कामाची. हॉटेलातले भजे मोडून आत बघा. बेसनाच्या पिवळ्यात लाल-तपकिरी ठिपके दिसले तर समजावं, सोडा जास्त पडला आणि तोही नीट न कालवता. खायचा सोडा तापल्यावर गॅस सोडतो. भजे फुगतात ते त्यामुळं. पण गॅस गेल्यावर मागं जो उरतो तो कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा. तोच जिभेवर साबणासारखा लागतो आणि तोच पिठातल्या हळदीला लाल करतो. कढईवाल्याला हे दाखवलं तर तो म्हणतो, "मिरची हाय साहेब." हळद एक सांगते, कढईवाला दुसरं सांगतो, मी हळदीवर विश्वास ठेवतो. यावर उतारा सोपा आहे. पिठात थोडं ताक नाहीतर लिंबू पिळलं, की आम्ल सोड्याचा हिशोब तिथंच चुकता करतं, मागं काही उरत नाही, भज्याचा रंगही राहतो आणि चवही.

डाळीचंही तसंच. आमच्याकडं बोअरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियमनं तुरीची डाळ शिजता शिजत नाही. कुकरच्या शिट्ट्या शेजारच्या आळीत मोजल्या जातात. मग चिमूटभर सोडा पडतो, डाळ मेणासारखी मऊ होते आणि करणारी निर्धास्त होते. जीवनसत्त्व ब-१ मात्र सोड्यापुढं टिकत नाही. पंगतीच्या वरणात सोडा किती पडला असेल हे कळायला प्रयोगशाळेची गरज नाही. वरणाचा पिवळा तांबूस झाला की आचाऱ्याला घरी जायची घाई होती असं समजावं.

उन्हाळ्यात उडदाच्या पापडाला पापडखार लागतो. तोही सोडियमच्याच कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या घराण्यातला. पण हे एखाद्या काकूंना सांगून बघा. त्या म्हणतील, पापडखार तो पापडखार आणि सोडा तो सोडा. काकूंचा पापड आणि तुमचा पापड शेजारी शेजारी भाजला जाईस्तोवर वाद घालता येतो. नंतर येत नाही.

कुंकवाची गोष्ट तर याहून मजेची. परंपरेनं कुंकू करायचं ते हळदीपासूनच, लिंबाचा रस आणि टाकणखार घालून. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, बोरॉनचं सोडियमबरोबरचं संयुग. इथं लाल रंग साबणाच्या वाटेनं येत नाही. आम्ल असताना कर्क्युमिन बोरॉनला धरून बसतं आणि पक्कं लाल होतं. पदार्थात बोरॉन आहे का हे ओळखायला रसायनशास्त्रज्ञ आजही हळदीचा कागद वापरतात. म्हणजे हळदीकुंकवाच्या ताटात दोन वाट्या असतात खऱ्या, पण वस्तू एकच. दुसऱ्या वाटीवर रसायनशास्त्र झालेलं असतं. हल्ली बाजारातल्या पुडीत पुष्कळदा नुसता रंग असतो, त्याच्याविषयी हळदीला काही बोलायचं नाही आणि मलाही नाही.

ओळखण्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो, औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार चार किलोमीटरचे दोन काटकोनी बाहू असतील. दूर कुठं तरी कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की त्या बाहूंच्या लांबीत प्रोटॉनच्या दहाहजाराव्या हिश्श्याहूनही कमी फरक पडेल, आणि तो मोजला जाईल. मला या गोष्टीचा मनापासून अभिमान आहे. फक्त एवढंच नोंदवून ठेवतो, की त्याच जिल्ह्यात सोडा ओळखणारं यंत्र किलोवर मिळतं आणि त्याला मंत्रिमंडळाची मंजुरी लागत नाही.

काही वर्षांपूर्वीपर्यंत रस्त्यावरचे दिवेही सोडियमचे होते. सोडियमच्या वाफेतून वीज गेली की ५८९ नॅनोमीटरच्या आसपास पिवळाधमक उजेड पडतो. त्यामुळं दिवसा हळदीनं पिवळी झालेली माणसं रात्री दिव्यांनी पिवळी व्हायची. त्या उजेडात रंगांचं काही खरं नसायचं. रात्री घेतलेली साडी सकाळी दुसऱ्याच रंगाची निघायची. आता एलईडी आले. साड्या बदलून द्यायला येणारी गिऱ्हाइकं काही कमी झाली नाहीत, म्हणजे दोष सगळाच दिव्यांचा नसावा.

मीठ आमच्याकडं समुद्रावरून येतं आणि समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब. रेल्वे येण्याआधी ते बैलांच्या पाठीवर यायचं. आज हिंगोली-सेनगावकडं ज्यांचे तांडे आहेत त्या बंजारा समाजाच्या पूर्वजांनी मीठ आणि धान्य वाहत अर्धा देश पालथा घातला. इतक्या लांबून, इतक्या कष्टानं आलेलं हे मीठ एकादशीला मात्र आम्ही ताटाबाहेर ठेवतो. त्या दिवशी सैंधव. महाशिवरात्रीला औंढ्याला दर्शनाला गेलेली अख्खी बस साबुदाण्याच्या खिचडीवर असते आणि खिचडीत सैंधव असतं. सैंधवातही तेच सोडियम क्लोराइड. पाकिस्तानातल्या खेवड्याच्या प्रसिद्ध खाणीतलं मीठ म्हणजे पन्नास कोटी वर्षांहून आधी आटलेला समुद्र. याचा अर्थ असा, की उपासाला जुना समुद्र चालतो, नवा चालत नाही. यामागचं शास्त्र मी एका बुवांना विचारलं होतं. ते म्हणाले, "भूक लागली का तुम्हाला?"

माणसं खाल्ल्या मिठाला जागतात, जमीन जागत नाही. ती मीठ खाऊन उलटते. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांनी पूर्णेचं पाणी शेतापर्यंत आणलं, आणि कॅनॉलला पाणी आलं की पिकाला किती हवं यापेक्षा शेजाऱ्यानं किती घेतलं यावर पाणी ठरतं. काळी, चिकण जमीन, निचरा नाही, वर कडक ऊन. पाणी उडून जातं, क्षार वर येऊन बसतात. त्यात सोडियमचं प्रमाण वाढलं की मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, सुटे होऊन सगळी छिद्रं बुजवतात. पावसात त्या रानात पाय घोट्यापर्यंत जातो, उन्हाळ्यात कुदळ जात नाही. हीच चोपण जमीन. सामू ८.५ च्या वर. उपाय जिप्समचा: त्यातला कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमला उठवतो आणि पाण्याबरोबर बाहेर काढतो. पण त्याला बाहेर जायला चर पाहिजे. बरेच जण जिप्सम टाकतात आणि चर काढायचं पुढच्या वर्षावर ठेवतात. मग उठवलेला सोडियम बांधापाशी बसून राहतो. खारपाण पट्ट्याची पूर्णा ती ही नव्हे, हेही सांगून टाकतो. ती अकोला-बुलढाण्याकडची, चांगदेवला तापीला मिळणारी. आमची गोदावरीला मिळते. दोन्ही पूर्णांच्या काठी मात्र भांडणं पाण्यावरूनच होतात.

इतक्या ठिकाणी सोडियम असूनही आमच्या गावात हे नाव उच्चारलं जातं ते एकाच ठिकाणी, दवाखान्याच्या व्हरांड्यात. "आजोबांचं सोडियम कमी झालंय." ही बातमी वाऱ्यासारखी पसरते. कसं कळलं म्हणून विचारलं तर प्रत्येक घराचं उत्तर वेगळं. कुणाचे आजोबा वारलेल्या भावाला हाका मारायला लागले, कुणाचे पहाटे दोनला बाजार समितीला निघाले. आमच्या ओळखीच्या एका घरी आजोबांनी थोरल्या जावयाचं तोंड भरून कौतुक केलं आणि घरच्यांनी त्याच पावली रिक्षा बोलावली. तपासणीत सोडियम खरंच कमी निघालं.

रक्तात सोडियम लिटरमागं १३५ ते १४५ मिलिमोल असावं. फार खाली गेलं की मेंदूच्या पेशींत पाणी शिरून त्या फुगतात आणि माणूस बरळायला लागतो, तोल जातो, झटकेही येतात. इथपर्यंत कुणाची हरकत नसते. भांडण पुढं लागतं. कारण याच आजोबांना बीपीसाठी दहा वर्षं "मीठ कमी करा" असं बजावलेलं असतं. आजीनं त्या दहा वर्षांत भाजी अळणी केली, लोणचं माळ्यावर चढवलं, पापड मोजून दिले. आणि आता डॉक्टर म्हणतात सोडियम कमी. आजीचा डोळा भरून येतो तो दुःखानं का रागानं ते कळत नाही. "मग एवढी वर्षं मी कामून छळलं यांना?"

आजीची यात काही चूक नसते. असं सोडियम कमी होतं ते बहुतेक वेळा मीठ कमी खाल्ल्यानं नाही. बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे सोडियम बाहेर काढतात. उलट्या-जुलाबात ते जातं. काही आजारांत शरीर पाणी धरून ठेवतं आणि आहे तेच सोडियम पातळ होतं. त्यातून "उन्हाळा आहे, पाणी प्या" म्हणून घरातला प्रत्येक जण येता-जाता तांब्या पुढं करत असतो.

मग सलाइन लागतं, तेही थेंब थेंब. इथं एखाद्या भाच्याचा संयम सुटतो. त्यानं चांगली खोली घेतलेली असते, पैसे भरलेले असतात. "डॉक्टर, जोरात सोडा की, दोन बाटल्या लावा." डॉक्टर सोडत नाहीत. बरेच दिवस खाली असलेलं सोडियम एकदम वर आणलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दिवसाला आठ-दहा मिलिमोलच्या वर जायचं नाही असा दंडक आहे. त्यामुळं दवाखान्यात सगळ्यात सावकाश चालणारी वस्तू ही त्या बाटलीची नळी असते, आणि ती सावकाश चालते हे डॉक्टर चांगला असल्याचं लक्षण आहे. तिसऱ्या दिवशी आजोबा उठून बसतात, जावयाला ओळखतात आणि पूर्वीसारखं बोलतात. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. जावयाचा पडत नाही.

भेटायला येणाऱ्यांना एक हात जोडून विनंती. सोडियम कमी झालेल्या माणसाकडं जाताना शहाळं नेऊ नका. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं. वरून ते पाणीच, आणि पाणीच तर या आजोबांना मोजून द्यायला सांगितलेलं असतं. "तेवढ्यानं काय होतंय" म्हणून घरून मिठाचं पाणीही करून पाजू नका आणि बीपीची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. काय द्यायचं ते व्हरांड्यात जमलेल्या पंचवीस पाहुण्यांना विचारू नका, डॉक्टरांना विचारा. त्यांना हिंगोलीत सगळं कळतं असं नाही, पण सोडियमचं पाहुण्यांपेक्षा नक्की जास्त कळतं.